कानाच्या बरणीचं झाकण

सोम. ६ जानेवारी १९९७

कॉम्प्युटर आला एकदाचा. स्टोअरला लागून वेगळी खोली केलीय त्याच्यासाठी. एसी, दाराला पडदा, चपला बाहेर. बारा वर्षं मी राखोलीच्या या फॅक्टरीत बादल्या-मगांची ड्रॉइंगं काढतेय, मला कुणी कधी पंखा दिला नाही. शेठनी, किरीटभाईंनी, नारळ फोडला तोही पार गेटपाशी जाऊन. मशिनवर पाणी उडायला नको. मग मला म्हणाले, "कुमुदबेन, हवे बोर्ड बंध. आना पर शीखी जाव." म्हणजे ड्रॉइंगचा बोर्ड आता बंद, यावरच शिका. हो म्हटलं. नाही म्हणायला तोंड कुठलं.

भिकनआप्पा पडद्यातून डोकावून गेले. आत नाही आले. पायाला भुसा आहे म्हणाले. लाकडातून बरणी-बादलीचं मॉडेल कोरणारा माणूस, पायाला भुसा नसेल तर काय असेल.

शुक्र. १० जाने.

वापीहून सर येतात शिकवायला, मंगळवार-शुक्रवार, महिनाभरच. आज माऊस. हात इकडे, डोळे तिकडे. टेबल संपलं, रेघ अर्धीच. सर म्हणाले, मॅडम, उचलून परत ठेवा. मी उचलला आणि हवेतच फिरवत बसले. सर सभ्य आहेत, हसले नाहीत.

घरी कॉम्प्युटर कुठून आणायचा. मास्तरांनी पुठ्ठ्यावर स्केचपेननं कीबोर्ड काढून दिला. (माझे यजमान. सरकारी शाळेत गणित शिकवतात, आम्ही राहतो ते सगळं टोकरखाडा त्यांना मास्तर म्हणतं, लग्न झाल्यापासून मीही.) जेवणं झाली की ते कमांड सांगतात, मी पुठ्ठा बडवते. चुकलं की हात पुढे कर म्हणतात. कोकणी माणूस, सगळ्यात खोबरं घालतो, पण शिकवतो बरं.

बुध. २२ जाने.

आज जमलं. अर्धी रेघ काढायची, मधला आस दाखवायचा, कमांड द्यायची, आणि रेघ गोल फिरून बादली तयार. कुंभाराच्या चाकासारखं, फक्त हात कोरडे. मला इतका आनंद झाला की पळत जाऊन आप्पांना हाताला धरून आणलं. पाय धुऊन आले बिचारे.

बराच वेळ बघत राहिले. मग आमच्या अहिराणीत म्हणाले, "माय, हाई साच्यामधून निघई कशी?" बादलीच्या भिंती मी सरळ उभ्या काढल्या होत्या. बारा वर्षं ज्या गोष्टीशिवाय एक रेघ ओढली नाही, ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर गेल्यावर विसरले. भिंतीला उतार नसेल तर प्लास्टिक साच्यात अडकून बसतं. बादल्या एकीत एक बसतात त्या उगाच नाही.

कपाळ माझं. पण आप्पा चिडले नाहीत. "यंत्राले माहीत नही, तुले माहीत शे," एवढंच म्हणून गेले. जाताना पडद्यावर हात फिरवायला गेले आणि काच लागली तसे दचकले. "हात फिरवाले भेटत नही, त्याले आकार कसा म्हनो?"

सोम. ३ फेब्रु.

नवा माल ठरला. दोन लिटरची बरणी, एका बाजूला कान. तेलकट हातानं उचलता आली पाहिजे, पालथी केली तरी झाकण निघता कामा नये. झाकण मात्र जुन्याच बरणीचं वापरायचं, ११० मिलिमीटरचं. त्याचा साचा चांगला आहे, शेठना तो टाकायचा नाही.

आप्पा लाकडाचं मॉडेल करणार, नेहमीसारखं. पण यावेळी मॉडेल साचेवाल्याकडे जायचं नाही. मी ते मोजून कॉम्प्युटरमध्ये घालायचं आणि वापीच्या नव्या साचेवाल्याला फ्लॉपी पाठवायची. शेठ मला एकटीला म्हणाले, "एक वार आ थई जाय, पछी लाकडानुं खातुं बंध." म्हणजे माझी बरणी जमली की आप्पांचं टेबल उचलायचं.

हे मी आप्पांना सांगितलं नाही. त्यांना ठाऊक आहे. मला ठाऊक आहे की त्यांना ठाऊक आहे. दुपारी डब्यात त्यांनी त्यांच्याकडची कळण्याची भाकरी दिली, ती मी तशीच घरी आणली.

सोम. १० फेब्रु.

आप्पांनी चार कान कोरून आणले. हाताला गोडं तेल लावून एकेक धरायला लावला. डोळे मीट म्हणाले. तिसरा धरला आणि बोटं आपोआप बसली. मी काही बोलायच्या आत म्हणाले, हाच. "तुनी करंगळी सुटनी नही." एरंडोलच्या आपल्या लेकीचा हात धरून आकार काढला होता म्हणे दिवाळीत. म्हणजे दिवाळीपासून या कानाचा विचार चालू आहे, शेठच्या डोक्यात बरणी यायच्याही आधी.

अशा माणसाचं खातं बंद करायचं.

शनि. १५ फेब्रु.

कान कॉम्प्युटरमध्ये जाईना. बरणी गोल, ती फिरवून होते. कान कुठे जाड, कुठे चपटा, वळताना पिळलेला. वापीच्या सरांचा महिना संपला. त्यांचं पुस्तक सांगतं, जागोजागचे छेद काढा आणि ते जोडा. छेद काढायला आप्पांचा कान करवतीनं कापू का?

आज स्वयंपाक करताना सुचलं. मॉडेल घरी आणलं होतं पिशवीत घालून. कणीक घट्ट मळली, कानाभोवती दाबली, सुरीनं एका बाजूनं चीर दिली, अलगद सोडवली. आतली पोकळी कागदावर उमटवली. असे अकरा छेद. मास्तर ओट्याशी उभे. "अगो, आज जेवायला काय? छेद?" त्या कणकेच्या पोळ्या केल्या नाहीत, लाकडाचा वास होता. खिचडी खाल्ली.

अकरा छेद जोडले आणि पडद्यावर कान उगवला. आप्पांना सांगितलं तेव्हा पोट धरून हसले. बायकांनी हे काम आधीच हातात घ्यायला पाहिजे होतं म्हणाले.

सोम. २४ फेब्रु.

मॉडेल पूर्ण. आंब्याचं लाकूड, तेल-पॉलिश, हातातून ठेववत नाही. व्हर्नियरनं सगळं मोजून आत घातलं. उंची, बूड, भिंत. तोंड मोजलं तर ११२ च्या वर. झाकण ११० चं. दोनदा मोजलं. आप्पांना विचारावं म्हणून उठले आणि बसले. तीस वर्षं हेच केलेला माणूस, तोंड चुकेल का त्याचं? ठेवलंय म्हणजे काही धरूनच ठेवलं असणार. दीड महिना कॉम्प्युटर शिकलेली मी त्यांना चूक दाखवायला जाणार. मॉडेलला आहे तेच घातलं.

शनि. १ मार्च

फ्लॉपी वापीला गेली. शेठनी येईल त्याला बरणी पडद्यावर फिरवून दाखवली, वरून, खालून, आतून. सगळे वा वा. आप्पा मागे उभे. सगळे गेल्यावर म्हणाले, "माले फिरवू दे." त्यांचा हात माऊसवर ठेवून वर माझा ठेवला. बरणी फिरली. कान मागे गेला, परत पुढे आला. "मन्हाच शे," म्हणाले. ओळखलं स्वतःचं काम.

गुरु. १७ एप्रिल

सॅम्पल आलं. निळी बरणी. कान असा की सोडवत नाही. शेठनी झाकण दाबलं. टक व्हायला हवं, झालं नाही. पाणी भरून पालथी केली. सगळं पाणी शेठच्या पँटवर.

तोंड मोजलं. ११२. दोन मिलिमीटर मोठं. आणि पोलाद एकदा जास्त कापलं की परत भरता येत नाही. साचेवाला फोनवर म्हणतो, फ्लॉपीत होतं तेच दिलं. शेठ मला काहीच बोलले नाहीत. सरळ आप्पांकडे बघून म्हणाले, "लाकडानुं काम, आंखनो अंदाज. हवे पूरुं." म्हणजे आता बस. आप्पा रंधा पुसत बसले.

तोंड ११२ आहे हे मला फेब्रुवारीतच दिसलं होतं, तेही मी सांगितलं नाही.

शुक्र. १८ एप्रिल

रात्री झोप नाही. सकाळी लवकर गेले. आप्पांच्या टेबलावर त्यांची पोलादी पट्टी होती. रोज बघते ती पट्टी, कधी हातात घेतली नव्हती. आज माझ्या पट्टीला लावून बघितली. शून्याला शून्य जुळवलं. दुसऱ्या टोकाला त्यांची पुढे. त्यांच्या पट्टीवरचा प्रत्येक मिलिमीटर मिलिमीटरपेक्षा जरासा मोठा आहे.

परत एकदा शून्याला शून्य लावलं. तेच.

प्लास्टिक गार होताना आकसतं, शंभराला दोन. म्हणून साचा तेवढा मोठा करावा लागतो. हे मला माहीत आहे, शेंबड्या पोराला माहीत आहे. पण आमच्याकडे आजवर कागदावर कुणी हा हिशेब केलाच नाही, कारण आप्पा पहिल्यापासून या आकसाच्या पट्टीनंच मोजतात. मॉडेल मुळातच मोठं. जुना साचेवाला ते जसंच्या तसं उतरवायचा आणि माल बरोबर यायचा. मी ते मोठं मॉडेल साध्या व्हर्नियरनं मोजलं. वापीवाल्यानं ड्रॉइंग बघितलं आणि त्याच्या रीतीनं शंभराला दोन आणखी वाढवले. आकस दोनदा धरला गेला.

आप्पांचं ११२ बरोबर होतं. त्यातून ११० चीच बरणी निघाली असती. मी एकदा विचारलं असतं तर. मान ठेवायला म्हणून विचारलं नाही आणि त्याच मानानं त्यांचा घात केला.

ते आले. पट्टी माझ्या हातात बघितली. म्हणाले, ठेव माय जागेवर. त्यांना कालच कळलं होतं, सॅम्पल मोजलं तेव्हाच. मग बोलले का नाही म्हटलं. "माले काय, आज ना उद्या घरीच जानं शे. तुन्हा समदा जलम बाकी शे."

इतका राग आला मला त्यांचा. आणि इतकी माया, की तिथे उभं राहवेना. पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडून घेतलं.

शनि. १९ एप्रिल

रात्री मास्तरांना सांगितलं होतं. त्यांनी उपदेश केला नाही. फक्त म्हणाले, वर्गात एकानं खोडी काढावी आणि दुसऱ्यानं उभं राहावं, तसं झालंय हे. मलाही तेच टोचत होतं.

सकाळी शेठच्या केबिनमध्ये गेले. दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी ठेवल्या. म्हटलं, चूक माझी. आप्पांच्या डोळ्याचा अंदाज नाही, माझी अक्कल कमी पडली. शेठ पट्ट्यांकडे बघत राहिले. वीस वर्षं फॅक्टरी चालवून त्यांनीही ती पट्टी कधी बघितली नव्हती. आप्पांना बोलावलं. "केम न बोल्या?"

आप्पा म्हणाले, "शेठ, पहिली भाकर तव्याले चिकटसच. म्हनीसन तवा फेकी देतस का?"

शेठ हसले नाहीत. मी म्हटलं, बरणी लहान होत नाही, पण झाकण मोठं करता येईल. मोठं करायचं म्हणजे साचा आणखी कापायचा, ते जमतं. शेठ म्हणाले, आणि चुकलं तर जुनं झाकण पण गेलं. मी म्हटलं, हो.

शेवटी ठरलं ते असं. झाकण बसलं तर मॉडेल आप्पांचं, कॉम्प्युटर माझा, दोघांनी मिळून करायचं. नाही बसलं तर आप्पा घरी आणि कॉम्प्युटरवर सुरतेहून माणूस.

केबिनच्या बाहेर येऊन आप्पा माझ्यावरच खेकसले. अक्कल गहाण ठेवली का म्हणे. मी म्हटलं, तुमच्याकडेच शिकले.

गुरु. २४ एप्रिल

आप्पा आता रोज पाय धुऊन कॉम्प्युटरच्या खोलीत. एसीत गारठतात, डोक्याला मफलर. एप्रिलात. शिपाई खिडकीतून बघून जातात.

मी कॅल्क्युलेटरवर साच्याचं माप काढलं, त्यांनी कागदावर आपल्या पट्टीनं रेघ मारली. ती मी माझ्या पट्टीनं मोजली. दोघांचं एकच. ११४ आणि वर थोडं. दोघं एकमेकांकडे बघून असे खूश झालो जसं काही परीक्षेत पहिले आलो.

पण "थोडं" किती? टक वाजायला झाकण किंचित घट्ट हवं. कॉम्प्युटरला थोडं कळत नाही. आप्पा म्हणाले, पोस्टकार्डाएवढं. त्यांच्या खिशात लेकीचं पोस्टकार्ड होतं. व्हर्नियरमध्ये धरलं, आकडा आला, तो आत घातला. पत्रात काय आहे विचारलं तर म्हणाले, आखाजीला, अक्षय तृतीयेला, ये म्हणतेय. आणि ते काम सोडा आता, असं जावईही म्हणतोय.

शुक्र. २ मे

झाकणाची फ्लॉपी गेली. यावेळी वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, आकस धरलेला आहे, परत धरू नये. गुजरातीतही लिहून घेतलं शेठकडून. मास्तर म्हणतात हिंदी, मराठी, कोकणी पण लिही. लिहिलं असतं.

जुन्या झाकणाचा साचा आज वापीत कापायला घेतला. आता परत फिरणं नाही.

बुध. ७ मे

आप्पा आखाजीला गेले लेकीकडे. धुळ्याची एसटी, तिथून पुढे. मी मात्र माहेरी नाही या वर्षी. लग्नापासून पहिलीच आखाजी अशी, झोक्याशिवाय, आईच्या हातच्या सांजोऱ्यांशिवाय. झाकण येणार, मी हलू शकत नाही. आईला पत्र टाकलं, खोटं लिहिलं की मास्तरांची परीक्षेची कामं आहेत.

आप्पा पिशवी घेऊन निघाले तेव्हा पट्टी टेबलावर नव्हती. रंधा, पटाशा होत्या. पट्टी नाही. विचारायचं धाडस झालं नाही. सोमवारी येतो म्हणाले. जाताना एकच सांगितलं, "मी येवालोंग लावू नको." ते येईपर्यंत झाकण लावायचं नाही.

सोमवारी येतात की नाही कोण जाणे. जावई काय म्हणेल. पट्टी कशाला नेली.

शनि. १० मे

शेठ मुंबईला, सोमवारी येणार. वापीहून फोन आला, मीच बसनं जाऊन झाकण घेऊन आले. निळं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. साचेवाल्यानं मोजलं होतं, म्हणाला माप बरोबर आहे. बरणी त्याच्याकडे नव्हती, ती माझ्या घरी. मापं तर त्या वेळीही बरोबरच होती.

रवि. ११ मे

ती फसलेली बरणी तीन आठवडे आमच्या ओट्यावर आहे. मी तीत काळा मसाला भरणार होते. मास्तरांनी त्याआधीच गावाहून आणलेली आमसुलं भरली. झाकण नाही म्हणून वर स्टीलची ताटली. कान धरून उचलते आणि दर वेळी करंगळी बसते तेव्हा आप्पा आठवतात.

आज दिवसभर झाकण बरणीशेजारी, कागदातच. मास्तर सकाळपासून घिरट्या घालतायत. "अगो, नुसतं टेकवून बघ. त्या एरंडोलला ऐकू जाणारे का?" मी म्हटलं, हात लावाल तर खबरदार. मग स्वतःच दोनदा कागद सोडला आणि गुंडाळला. दुपारी ताटली काढून झाकण तोंडाच्या वर आणलं, एका बोटाच्या अंतरावर. ठेवलं खाली.

बसलं तर मी एकटीनं काय करू त्या आवाजाचं. आणि नाही बसलं तर ते आप्पांना पत्रानं कळवायचं का मी, तुम्ही येऊ नका म्हणून?

संध्याकाळी मास्तरांनी विचारलं, आप्पा उद्या नाहीच आले तर? म्हटलं, तर मंगळवारी येतील. मास्तरांनी आमटीला दोन आमसुलं काढून घेतली आणि ताटली परत नीट ठेवली. उद्याच्या डब्यात आप्पांसाठी दोन भाकरी जास्तीच्या घेणार आहे. बरणीवर अजून ताटलीच आहे.